माळ ओसाड कधीच नव्हता

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर नान्नज येते. नान्नज, वडाळा, मार्डी, कारंबा या गावांच्या शिवारांत कुंपण घातलेले गवताचे काही पट्टे आहेत. शेजारी पाटी नसती, तर हे अभयारण्य आहे हे कोणाला सांगूनही पटले नसते. घनदाट झाडी नाही, डोंगर नाही, धबधबा नाही. नजर जाईल तिथपर्यंत गवत आणि वर मोकळे आभाळ.

स्मरणिकेसाठी सोलापूरच्या इतिहासावर लेख मागितला गेला, तेव्हा सिद्धरामेश्वर, भुईकोट किल्ला, गिरण्यांचे भोंगे आणि १९३० चा मार्शल लॉ यांवर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत, हे ठाऊक होते. म्हणून मी हा माळ निवडला. आपल्या जिल्ह्याची ओळख देशभरच्या पक्षिअभ्यासकांना ज्या एका जागेमुळे झाली, ती जागा आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली असेल?

आधी थोडा भूगोल. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. समुद्रावरून निघालेले ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि आपल्या वाट्याला वर्षाकाठी साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस येतो. तोही नियमाने येत नाही. जून-जुलैत हुलकावणी देतो आणि सप्टेंबरात ओढ्यांना पूर आणतो. जमिनीखाली सगळीकडे काळा बेसाल्ट खडक आहे. भीमा आणि सीना यांच्या काठाला काळी, खोल, ओल धरणारी जमीन. पण उंचवट्यावर वीतभर माती आणि तिच्याखाली लगेच मुरूम. या बरड जमिनीत मोठे झाड उभे राहायला धजत नाही. हिवर, बोर, बाभूळ, तरवड इकडेतिकडे दिसतात. बाकी राज्य गवताचे : कुसळी, पवन्या, मारवेल. ही गवते आठ महिने मुळाशी जीव धरून असतात. पहिल्या दोन चांगल्या पावसांत माळ हिरवा होतो, दिवाळीपर्यंत सोनेरी होतो आणि होळीला पुन्हा करडा दिसू लागतो.

करड्या दिवसांत माळ पाहणारा माणूस त्याला ओसाड म्हणतो. सरकारी दप्तरातही अशा जमिनीला पड, पोटखराबा, गायरान असेच शब्द सापडतात. इंग्रजी अमदानीत महसूल ज्या जमिनीतून येतो ती कामाची आणि लाकूड ज्या जमिनीतून येते ते जंगल, असा हिशेब रुजला. माळ या दोन्ही खात्यांत बसत नव्हता. धनगरांच्या हिशेबात मात्र तो नीट बसत होता. मेंढरांची चराई, पावसाळ्यात कुठे जायचे आणि सुगीनंतर कोणाच्या रानात खत बसवायचे, याचे त्यांचे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. मेंढरांमागे लांडगा यायचा आणि एखादे कोकरू न्यायचा. तोही त्या गणितात धरलेला असे.

गवतावर जगणारे दुसरेही होते. काळविटांचे कळप, खोकड, कोल्हे, ससे, घोरपडी, चंडोल, धाविक, पखुर्ड्या, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या ससाणे. आणि या सगळ्यांत मोठा मान माळढोकाचा. मीटरभर उंचीचा, नर असेल तर पंधरा किलोपर्यंत वजनाचा. उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांत याची गणना होते. पावसाळ्याच्या दिवसांत नर गळ्याखालची पिशवी फुगवून, शेपूट वर करून घुमतो. ती खोल ‘हूम’ दूरवर ऐकू जाते. मादी जमिनीवर, बहुधा गवताच्या आडोशाला, एका वेळी एकच अंडे घालते. घरटे बांधत नाही. या एका अंड्यावर पुढची सारी कथा अवलंबून आहे. ज्याची वाढ इतकी सावकाश, त्याची झालेली हानी लवकर भरून निघत नाही.

हानी फार जुनी आहे. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने आपल्या शेजारच्या नगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने ९६१! आज सबंध देशात मिळून दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या एका आकड्यावरून दोन गोष्टी कळतात : पूर्वी हा पक्षी आपल्या पठारावर किती विपुल होता, आणि तो संपवणे किती सोपे होते. स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या आणि बंदुका आल्या आणि शिकार आणखी सोपी झाली. डॉ. सालिम अली यांनी माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करावे असे सुचवले होते. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाच्या शिकारीवर बंदी आली.

त्याच १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडायची कामे. त्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण भागांसाठी केंद्राचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून नान्नजच्या माळावर काही पट्टे राखून त्यांत माती अडवणे, पाणी जिरवणे, गवत वाढवणे अशी कामे झाली. हेतू चारा आणि रोजगार हा होता. पण चराई थांबलेल्या त्या पट्ट्यांत गवत गुडघाभर वाढले आणि माळढोकांना अंडी घालायला निवांत जागा मिळाली. दुष्काळाच्या कामातून, कोणाच्या मनी ध्यानी नसताना, एका संपत चाललेल्या पक्ष्याचे घर राखले गेले. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात दुष्काळाने काही दिल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणायला हवे.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात माळढोकाचा अभ्यास हाती घेतला. डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी नान्नजला येऊन राहू लागले. लांडग्यांवरही इथे संशोधन झाले.

१९७९ साली शासनाने माळढोक अभयारण्य जाहीर केले. इथे इतिहासाला एक विचित्र वळण मिळाले. अभयारण्याचे क्षेत्र ठरले तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर जिल्ह्यातले उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा या तालुक्यांतला मुलूख त्यात धरला गेला. गोव्यासारखी दोन राज्ये त्यात मावली असती आणि तरी जागा उरली असती. त्यातली वनखात्याची जमीन थोडी. बहुतेक सारी शेतकऱ्यांची खासगी जमीन, गावे, रस्ते, बाजारपेठा. माळढोक खरोखर ज्या गवतावर विसंबून होता, ते राखीव पट्टे काहीशे हेक्टरांचे. नकाशावर मात्र शेकडो गावे अभयारण्यात गेली.

दुसऱ्याच वर्षी, १९८० मध्ये, भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पक्ष्यासाठी शासनाने ज्या मुलखावर रेघ ओढली, त्याच मुलखाला दुसऱ्या खात्याने पाणी द्यायला घेतले. पाणी हवेच होते. पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला पाणी नको म्हणायचा अधिकार कोणाला? पण पाण्याबरोबर पिके बदलली. पूर्वी आपल्याकडे शाळू, करडई, तूर, हुलगा अशी कोरडवाहू पिके असत. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या मालदांडी ज्वारीने तर राज्यभर नाव मिळवले. अशा शेतात माळढोक बिनघोर फिरे, नाकतोडे आणि भुंगेरे टिपत असे. शेतकऱ्यालाही त्याची अडचण नव्हती. कालव्यांपाठोपाठ आणि विंधनविहिरींपाठोपाठ ऊस आला. पुरुषभर उंचीच्या उसात मोकळ्या माळावरच्या पक्ष्याला शिरायला जागा नाही.

खुद्द नान्नजचेच पाहा. या गावाचे नाव द्राक्षांनीही गाजवले आहे. इथल्या नानासाहेब काळे यांनी निवड पद्धतीने द्राक्षाचे जे वाण शोधले, त्याचे नाव ‘सोनाका’ : सोलापूर, नान्नज, काळे. बरड जमिनीवर ठिबकच्या पाण्याने सोने पिकवणारी ही माणसे आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहेत. एकाच गावाने देशाला एक द्राक्ष दिले आणि एक पक्षी सांभाळला. या दोन्ही गोष्टींना एकत्र नांदता येईल अशी व्यवस्था मात्र कोणी आखली नाही.

त्याची किंमत दोघांनीही मोजली. अभयारण्याच्या रेघेत सापडलेल्या गावांत जमिनीचे व्यवहार, बिगरशेती परवाने, रस्त्यांची रुंदी, कारखाने अशी कामे परवानग्यांत अडकत गेली. माळढोक कधी दिसलाही नाही अशा गावच्या शेतकऱ्याला आपली गरज अडली की कारण ऐकू येई ते माळढोकाचे. ज्या पक्ष्याला त्याच्या आज्याने शाळूच्या रानात बिनदिक्कत फिरू दिले, तोच पक्षी नातवाला वैरी वाटू लागला. कायद्याचे कागद वाढत गेले आणि माळढोकाचे राखणदार घटत गेले.

बऱ्याच वर्षांच्या वादानंतर, समित्या आणि न्यायालयीन प्रक्रियेतून, अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. ते योग्यच झाले. पण तोपर्यंत पक्षी संपत आला होता. त्याची कारणे एका वाक्यात सांगता येत नाहीत. माळ नांगरला गेला, तुकड्यातुकड्यांत वाटला गेला. भटकी कुत्री वाढली आणि जमिनीवरची अंडी-पिल्ले त्यांच्या तोंडी गेली. विजेच्या तारांचे जाळे पसरले. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही, म्हणून तो तारांवर आदळतो. शिवाय जंगल म्हणजे झाडी या समजुतीने गवताच्या पट्ट्यांत ग्लिरिसिडियासारखी बाहेरची झाडे लावली गेली. गवत दाटीने झाकले गेले की दूरवर पाहून सावध होणारा पक्षी तिथे थांबत नाही. वृक्षारोपणाने बिघडलेले रान ही कल्पना पचायला अवघड आहे, पण नान्नजने ती आपल्याला शिकवली आहे.

गेल्या काही वर्षांत नान्नजच्या गणनेत एखादी मादी दिसल्याच्या बातम्या येतात. नराशिवाय एकटी मादी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. राजस्थानात याच पक्ष्याला गोडावण म्हणतात, तिथला तो राज्यपक्षी आहे. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र चालू आहे. तारा जमिनीखालून न्याव्यात की नाही, हा प्रश्न २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे दार अजून पूर्ण बंद झालेले नाही. तिकडे वाढलेली पिल्ले कधी काळी दख्खनवर सोडायची वेळ आली, तर त्यांना सोडायला माळ लागेल. तो माळ राहिला आहे का, हा प्रश्न आपला आहे.

सुदैवाने नान्नजचे पट्टे अजून जिवंत आहेत. काळवीट उड्या मारताना दिसतात. पहाटे लांडग्याची चाहूल लागते. चंडोल आभाळात उंच जाऊन गातो. याच सोलापूरच्या मातीत जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर रानाची भाषा मराठीत आणली आणि अखेर ते आपल्या गावी परतले. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून वनाधिकारी राहिलेल्या लेखकाला बसवणारे हे शहर रानाला परके नाही.

आपल्या बॅचमधले कोणी पुण्याला आहेत, कोणी हैदराबादला, कोणी सातासमुद्रापलीकडे. पण गावाकडे वडिलोपार्जित चार-दोन एकर बरड रान पुष्कळांच्या नावे आहे. पडून आहे, काही उपयोग नाही, असे म्हणून ते विकायला किंवा जेसीबी लावून सपाट करायला काढण्यापूर्वी एकदा पावसाळ्यानंतर जाऊन पाहावे. त्यातले एखादे एकर गवताला ठेवले, तर मेंढपाळाला चारा होतो, विहिरीला पाझर राहतो आणि तित्तिराला निवारा मिळतो. आपल्यातले जे शिक्षक आहेत, त्यांनी मुलांना वृक्षदिंडीबरोबर गवताची सहलही घडवावी.

आणि स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी ज्यांची परतीची गाडी संध्याकाळी आहे, त्यांनी सकाळी लवकर उठून नान्नजला जावे. वनखात्याची परवानगी घ्यावी, पायवाट सोडू नये, आवाज कमी ठेवावा. माळढोक दिसेल अशी आशा धरू नये. गवत दिसेल, आणि त्याच्याकडे ‘ओसाड’ हा शब्द बाजूला ठेवून पाहिले, तर आपल्या जिल्ह्याचा सर्वांत जुना रहिवासी कोण, हे कळायला वेळ लागणार नाही.