डुकरं, चिखल आणि गारंडची रायफल

१९२८ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, अ‍ॅबर्डीनच्या लष्करी चाचणी मैदानावर, डुकरं आणली गेली. त्यांना भूल देऊन त्यांच्यावर तीन वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या झाडण्यात आल्या आणि मग जखमा तपासण्यात आल्या. पायदळाच्या नव्या, स्वतःच काडतूस भरून घेणाऱ्या रायफलीला केवढी गोळी हवी, एवढंच शोधून काढायचं होतं. ०.३० इंची गोळी सैन्यात आधीपासून होती, ०.२७६ इंची गोळी नव्याने तयार झाली होती आणि ०.२५६ इंची त्याहून बारीक होती. मोठी गोळी म्हणजे मोठी जखम, हे लष्करातल्या बहुतेकांनी गृहीत धरलेलं. निकाल उलटा लागला. जवळच्या अंतरावर सर्वांत भयानक जखमा सर्वांत बारीक गोळीने केल्या होत्या.

हा निकाल पचायला जड गेला. डुकराच्या अंगावर चरबीचा थर असतो, माणसाचं शरीर तसं नसतं, असा आक्षेप निघाला. म्हणून १९३० मध्ये पुन्हा चाचणी झाली, या खेपेला बकऱ्यांवर. लष्करात या चाचण्या घेणाऱ्या दोन समित्यांना ‘पिग बोर्ड’ आणि ‘गोट बोर्ड’ अशीच नावं पडली आणि शस्त्रांच्या इतिहासात ती टिकली. बकऱ्यांनीही बारीक गोळीच्याच बाजूने कौल दिला. समित्यांनी शेवटी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी गोळी सोडून मधली, ०.२७६ इंची, उचलून धरली. दोन प्रकारची जनावरं मारून तिसऱ्याच गोष्टीवर तडजोड करायची, हे समितीच्या कारभाराला साजेसंच म्हणायचं.

एवढा खटाटोप कशासाठी, हे कळायला तेव्हाच्या सैनिकाच्या हातात काय होतं ते पाहावं लागतं. १९०३ सालची स्प्रिंगफील्ड रायफल उत्तम होती, पण प्रत्येक गोळीनंतर बोल्टचा दांडा उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा आणि मग पुन्हा नेम धरायचा. अर्धस्वयंचलित रायफलीत हे सगळं काम झाडलेल्या गोळीचा वायू किंवा धक्काच करतो. सैनिकाने फक्त चाप ओढायचा. कल्पना जुनी होती. मशीनगनमध्ये ती केव्हाच रुळली होती. पण मशीनगन जड असली तरी चालते. सैनिक दिवसभर खांद्यावर वागवेल अशा चार-सव्वाचार किलोंच्या हत्यारात, ०.३० इंची काडतुसाचा प्रचंड दाब सहन करणारी आणि तरीही क्षणार्धात उघडून मिटणारी यंत्रणा बसवायची, तिथे भल्याभल्यांची दमछाक झाली होती.

दमछाक झालेल्यांत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात काम करणारे दोघे जण होते. एकाच आवारात, एकाच स्पर्धेसाठी झटणारे.

पहिला जॉन पेडरसन. रेमिंग्टन कंपनीसाठी बंदुका घडवून नावारूपाला आलेला हा माणूस लष्कराशी रीतसर करार करून आला होता. ०.२७६ इंची काडतूस त्याचंच. त्याच्या रायफलीतला बोल्ट मागे सरकताना गुडघ्यासारखा मधोमध वर दुमडायचा. रचना देखणी होती, पण तिला एक पथ्य सांभाळावं लागे. रिकामी पुंगळी नळीत अडकून बसू नये म्हणून प्रत्येक काडतुसावर मेणाचा पातळ थर द्यावा लागायचा. पेडरसनने तो थर कडक, कोरडा आणि न चिकटणारा बनवला होता. तरीही मेण लावलेल्या काडतुसांवर अवलंबून राहायचं, या कल्पनेनेच लष्करी मंडळींच्या कपाळाला आठ्या पडत.

दुसरा जॉन गारंड. १८८८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत आलेला. कापड गिरणीत झाडू मारता मारता तो यंत्रं शिकला आणि नेमबाजीच्या गॅलरीत काम करता करता बंदूक. १९१९ पासून तो शस्त्रागारात सरकारी पगारावर होता. त्याच्या पहिल्या रायफलीची युक्ती अफलातून होती. काडतुसाच्या बुडाशी असलेली टोपी स्फोटाच्या दाबाने किंचित मागे सरकते, त्या इवल्याशा हालचालीवर त्याने सगळी यंत्रणा चालवली. ती चाललीही. मग १९२०च्या दशकाच्या मध्यावर लष्कराने काडतुसातली दारू बदलली आणि टोपी घट्ट बसवायला सुरुवात केली. टोपी सरकेना, तशी रायफलही हलेना. अनेक वर्षांचं काम काडतुसातल्या एका बदलाने निकालात निघालं. गारंडने नव्याने मांडणी केली आणि या वेळी नळीतल्या वायूवर भिस्त ठेवली.

अ‍ॅबर्डीनवर १९२९ मध्ये भरलेली स्पर्धा या दोघांपुरती नव्हती. थॉम्पसन, कोल्ट, चेकोस्लोव्हाकियाचा होलेक, जर्मनीची राइनमेटाल, अशा अनेकांची हत्यारं तिथे आली. नेमबाजी हा चाचणीचा छोटासा भाग होता. खोक्यात रायफल ठेवून तिच्यावर धूळ उडवायची, पाण्याचे फवारे मारायचे, तेल न लावता गंज चढू द्यायचा आणि मग हजारो गोळ्या सलग झाडून कुठला भाग केव्हा मोडतो याची नोंद ठेवायची. नवं हत्यार मैदानावर शोभेसाठी आणलं जात नाही, ते मोडण्यासाठी आणलं जातं. गारंडचंही मोडलं. १९३१च्या चाचण्यांत त्याच्या ०.३० इंची नमुन्याच्या बोल्टला तडा गेला आणि तो नमुना माघारी गेला. ०.२७६ इंची नमुना मात्र पेडरसनच्या रायफलीवर सरस ठरला. जानेवारी १९३२ मध्ये समितीने तोच निवडावा आणि १२५ रायफली बनवाव्यात, अशी शिफारस केली.

डुकरं, बकऱ्या, धूळ, पाणी, हजारो काडतुसं, सगळं होऊन निकाल हाती आला होता. तो एका पत्राने फिरला.

२५ फेब्रुवारी १९३२ रोजी लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ०.२७६ इंची काडतूस नाकारलं. पहिल्या महायुद्धातून उरलेला ०.३० इंची काडतुसांचा प्रचंड साठा गोदामांत पडून होता, मशीनगनही त्याच मापाच्या होत्या. रणांगणावर दोन मापांची काडतुसं पुरवण्याचा घोळ त्यांना नको होता. शिवाय तो महामंदीचा काळ; नव्या काडतुसासाठी पैसा मागायला जायचं कोणाकडे? पेडरसनचा खेळ इथेच संपला, कारण त्याची रायफल त्याच्या काडतुसाशी बांधलेली होती. गारंडने तडा गेलेला ०.३० इंची नमुना दुरुस्त केलेलाच होता. मॅकआर्थर यांच्यावर पुढे यावरून टीका झाली आणि बारीक गोळीची बाजू बरोबर होती, हे काही दशकांनी जगभरच्या सैन्यांनी मान्यही केलं. पण १९३२ची तिजोरी आणि पुढे आलेलं युद्ध लक्षात घेता, एकाच मापाला चिकटून राहण्यात शहाणपण नव्हतं असं म्हणणं अवघड आहे.

काडतुसाची कथा मात्र तेवढ्यावर थांबली नाही. १९२०च्या दशकात लष्कराने लांब पल्ल्याची जड गोळी स्वीकारली होती. ती इतकी दूर जायची की अनेक चांदमारीच्या मैदानांची सुरक्षित हद्दच ओलांडू लागली. तेव्हा पुन्हा जुन्यासारखी हलकी, कमी पल्ल्याची गोळी आणण्यात आली आणि तीच महायुद्धात वापरली गेली.

गारंडच्या रायफलीला ‘एम-वन’ हे नाव १९३३ मध्ये मिळालं. १९३४ मध्ये पंचाहत्तर रायफली सैनिकांच्या हाती दिल्या गेल्या, पन्नास पायदळाकडे आणि पंचवीस घोडदळाकडे. सैनिक हा सर्वांत निर्दय परीक्षक असतो. अभियंत्याला सुचणार नाही अशा जागी तो हत्यार आपटतो आणि वाचू नये अशा भाषेत त्याचा अहवाल देतो. तक्रारी आल्या, रायफली परत गेल्या, दुरुस्त झाल्या. ९ जानेवारी १९३६ रोजी रायफल अधिकृतपणे स्वीकारली गेली. आठ काडतुसांची क्लिप वरून दाबून बसवायची. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप टणकन बाहेर उडायची. सुटं मॅगझीन लष्करालाच नको होतं. सैनिक गोळ्या उधळेल, ही भीती जुनीच.

आता सगळं सुरळीत होईल असं वाटावं, तर खरी परीक्षा इथून पुढे. १९३७ मध्ये शस्त्रागारातून रायफली बाहेर पडू लागल्या, सुरुवातीला दिवसाला जेमतेम दहा. मूळ रचनेत वायू नळीच्या अगदी तोंडाशी पकडला जायचा. तिथे काजळी साचायची आणि तो पुढचा भाग खिळखिळा व्हायचा. शेवटी नळीला खालून एक छोटं छिद्र पाडून वायू घेण्याची सोपी रचना आली. पण तोवर पन्नास हजारांच्या आसपास रायफली जुन्या पद्धतीने बनून गेल्या होत्या.

त्याच सुमाराला एक विचित्र तक्रार येऊ लागली. काही रायफली सातव्या गोळीलाच अडकत. पहिली नाही, तिसरी नाही, नेमकी सातवी. नकाशे तपासले, त्यात चूक सापडेना. शोध घेता घेता कळलं की, कारखान्यात धातू कापणारं एक अवजार जरा पुढे जात होतं आणि क्लिपला आधार देणारी आतली बारीकशी कड त्याबरोबर खरवडली जात होती. आराखडा निर्दोष होता. दोष यंत्रावर काम करण्याच्या सवयीत होता. अ‍ॅबर्डीनवर गेलेले नमुने हाताने जुळवलेले, निगुतीने घडवलेले होते. हजारोंनी बनणाऱ्या वस्तूत काय बिघडेल, हे त्यांना विचारून कळण्यासारखं नव्हतं.

प्रतिस्पर्धी टपलेलेच होते. मेल्विन जॉन्सन नावाचा मरीन दलाचा राखीव अधिकारी आणि वकील, धक्क्यावर चालणारी स्वतःची रायफल घेऊन पुढे आला. वर्तमानपत्रांत वाद रंगला. तेव्हा १९४०च्या अखेरीस मरीन दलाने सॅन दिएगोमध्ये स्वतःच चाचणी घेतली. जुनी स्प्रिंगफील्ड, गारंड, जॉन्सन आणि विंचेस्टरची एक नवी रायफल अशी चौरंगी लढत होती. मरीनांना किनाऱ्यावर उतरून लढायचं असल्याने खारं पाणी, वाळू आणि चिखल यांवर भर होता. चिखलात जुनी बोल्टवाली स्प्रिंगफील्ड तगली, कारण सैनिकाच्या हातचा जोर कुठल्याही वायूपेक्षा भरवशाचा. गारंड तिथे गळपटली. तरीही तीन अर्धस्वयंचलित रायफलींत तीच पहिली आली आणि १९४१ मध्ये मरीनांनी तिचा स्वीकार केला.

आणखी एक दुखणं पावसाचं होतं, ते औषधाने बरं झालं. सततच्या पाण्याने बोल्टवरचं तेल धुऊन जायचं आणि तो जाम व्हायचा. लष्कराने तेलाऐवजी पाण्याला न जुमानणारं घट्ट ग्रीस द्यायला सुरुवात केली आणि त्याची चिमुकली डबी सैनिकाच्या सामानात आली. १३ ऑक्टोबर १९४२ रोजी नॉर्थ डकोटाची १६४वी पायदळ रेजिमेंट ग्वादालकनाल बेटावर उतरली, तेव्हा तिच्याकडे गारंड होत्या. आधीपासून लढणारे मरीन मात्र अजून जुन्या स्प्रिंगफील्डवरच होते. पुढे महायुद्ध संपेपर्यंत सुमारे चाळीस लाख गारंड बनल्या. जॉन गारंडला त्याचा एक पैसाही जादा मिळाला नाही. त्याने हक्क सरकारला देऊन टाकले होते आणि त्याला एक लाख डॉलर द्यावेत असं विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये आलं, ते मंजूर झालं नाही. १९५३ मध्ये तो निवृत्त झाला.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात त्याच्या रायफलीचा वारस निवडण्यासाठी अलास्काच्या थंडीत पुन्हा परीक्षा भरली. एकीकडे गारंडच्याच रचनेवर बेतलेली अमेरिकी टी-४४, दुसरीकडे बेल्जियमच्या एफएन कंपनीची एफएएल. स्प्रिंगफील्डच्या अभियंत्यांनी आपल्या रायफली आधीच शीतगृहात ठेवून थंडीला सरावून घेतल्या होत्या. एफएएलला अशी तालीम मिळाली नव्हती. ती अडखळू लागली. तिच्या वायूची छिद्रं ऐनवेळी मोठी करण्यात आली, तर भाग तुटू लागले. त्या मैदानावर टी-४४ सावरली आणि १९५७ मध्ये ‘एम-१४’ म्हणून स्वीकारली गेली. सहा वर्षांतच तिचं उत्पादन थांबवण्याचा निर्णय झाला.

अलास्कात हरलेली एफएएल मात्र सत्तरहून अधिक देशांच्या सैन्यांत पोहोचली. भारतानेही तिचाच रस्ता धरला. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने, म्हणजे एआरडीईने, या घराण्यातल्या रायफलींचा अभ्यास केला आणि बंगालमधल्या ईशापूर कारखान्यात ‘१ए१’ तयार होऊ लागली. १९६२च्या युद्धात जवानांच्या हातात जुनी बोल्टवाली थ्री-नॉट-थ्री रायफल होती. १९७१च्या युद्धात बऱ्याच पलटणींकडे ही नवी रायफल होती. ‘एसएलआर’ या नावाने ती पुढे महाराष्ट्र पोलिसांकडेही आली. त्यांच्यापैकी अनेकांच्या खांद्यावर थ्री-नॉट-थ्री मात्र एकविसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली.