फेझंटची शिकार आणि ग्रामजीवन : रेडफिल्डच्या इतिहासातील एक प्रकरण

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात, स्पिंक परगण्यात रेडफिल्ड हे सुमारे २ हजार वस्तीचे गाव आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेझंटच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा परगावी गेलेले आप्तही गावाकडे वळतात. परंपरा पुरातन भासते. वस्तुतः ती शंभर वर्षांच्या आसपासची आहे. पक्षीही मूळचा तेथील नव्हे. मोर-कोंबडीच्या कुळातील हा पक्षी १८८० च्या दशकात चीनमधून ओरेगॉनमध्ये आला, १९०८ च्या सुमारास स्पिंक परगण्यात सोडला गेला आणि १९१९ मध्ये तेथे पहिला, अवघ्या एका दिवसाचा हंगाम झाला. १९४३ मध्ये या उपऱ्याला राज्यपक्ष्याचा मान मिळाला!

समूहजीवनाशी त्याचे नाते महायुद्धकाळात विशेष स्पष्ट होते. रेडफिल्डच्या उत्तरेस असलेल्या ॲबरडीनच्या रेल्वेस्थानकावर १९४३ ते १९४६ या काळात सैनिकांना फेझंटच्या मांसाची सँडविचेस विनामूल्य दिली जात. पक्षी शिकारी देत, श्रम पंचक्रोशीतील स्त्रियांचे असत. शिकारीच्या इतिहासात या स्त्रियांची नोंद क्वचितच होते.

तथापि फेझंटला घरटे बांधण्यास गवताळ पडीक जमीन लागते. १९५६ ची ‘सॉइल बँक’ आणि १९८५ ची भूसंधारण योजना यांनी ती उपलब्ध केली. २००७ नंतर मक्याचे भाव चढताच पुष्कळ जमीन नांगराखाली गेली. पूर्वी शेतकऱ्याच्या दारी जाऊन परवानगी मागितली की पुरे होई. आता अनेक शेतांवर शुल्क आकारले जाते. शेतकऱ्यास त्यातून उत्पन्न मिळते हे खरे. परंतु गावातील भूमिहीन शेजारी त्याच कुंपणाबाहेर राहतो.