काळ्या पडद्यामागचे दिवे

नवा जोडलेला संगणक सुरू केला, पंखा फिरला, पण पडदा काळाच. अशा वेळी यंत्राने आपले दुखणे सांगायचे कसे?

१९७५ च्या ‘अल्टेअर ८८००’ला पडदाच नव्हता. दर्शनी भागावरचे छोटे लाल दिवे वाचून आत काय चालले आहे ते कळे. १९८१ च्या आयबीएम पीसीवर असे दिवे नव्हते. तो सुरू होताच आधी स्वतःची तपासणी करी. चित्राची व्यवस्थाच बिघडली तर पडद्यावर अक्षरे कुठून येणार? म्हणून निकाल स्पीकरवर वाजे. एक आखूड बीप म्हणजे सारे ठीक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे चित्राच्या कार्डात दोष.

आता अनेक मदरबोर्डांसोबत स्पीकर येत नाही. काहींवर मात्र प्रोसेसर, रॅम, चित्र यांचे वेगवेगळे दिवे असतात. म्हणजे दिवे परत आले! रे रोडला आम्ही काही शिक्षकांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून शाळेसाठी संगणक जोडला, तेव्हा दुकानदार मॉनिटर बदलायला सांगत होता. पेटला होता रॅमचा दिवा. वीज बंद करून रॅमची पट्टी खटका बसेपर्यंत दाबली आणि चित्र आले. नव्या मॉनिटरचा खर्च वाचला.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावली असेल, तर मात्र दिवा काही सांगेलच असे नाही. ती आधी पाहावी.