फुकटची अवजारे आणि सनदेच्या अटी

जुन्या हैदराबाद संस्थानात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या घराण्यांना सनद आणि मालकी यांतील भेद समजावून सांगण्याची गरज नसते. जहागीरदाराला गावाचा महसूल घेण्याचा हक्क असे. गाव त्याच्या मालकीचे नसे. तो निवर्तला की वारसाला विरासत मंजूर करून घ्यावी लागे. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, ते रयतेच्या हिताचेच झाले. परंतु दिलेला उपभोग आणि स्वतःचे स्वामित्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या वेळी अनेकांना उमगले. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याची जी साधने आज फुकट मिळतात, त्यांचा इतिहास पाहताना आम्हांला हाच भेद पुनःपुन्हा आठवतो.

हा विषय आपल्या गौलीगुड्याला परका नाही. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली हैदराबादेत आपले विकास केंद्र उघडले आणि आपल्या घरांतील मुलांना तो व्यवसाय जवळचा झाला. नोकरीपलीकडे केवळ आवडीने काम करणारेही असतातच: कुणी पंचांगाचे गणित मांडतो, कुणी मंडळाच्या सभासदांची नोंद ठेवणारी आज्ञावली लिहून देतो. असा हौशी माणूस बहुधा फुकटचे साधन घेतो आणि परवान्याचे लांबलचक पान न वाचताच ‘मान्य’ म्हणतो.

हौशी लोक आणि कंपन्या यांच्यातील वाद जुनाच आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. त्यांच्या कंपनीची बेसिक भाषा लोक विकत न घेता एकमेकांना उतरवून देत होते. मोबदल्यावाचून असे कष्टाचे काम करणार कोण, हा त्यांचा सवाल होता. तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. पुढे बोर्लंड कंपनीने निराळी वाट धरली. १९८३ साली तिचे टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला बाजारात आले. ती किंमत त्या काळी फारच कमी होती. तिचा परवाना तर ग्रंथप्रेमींना आवडावा असा होता: ही प्रणाली पुस्तकासारखी वापरा, ती कुणीही वापरावी, कुठल्याही यंत्रावर न्यावी, मात्र एकाच वेळी दोन ठिकाणी नको. पुस्तक एका वेळी एकाच्याच हाती असते, हा साधा न्याय त्यात होता.

पुढे साधने फुकट मिळू लागली आणि किमतीची जागा अटींनी घेतली. मायक्रोसॉफ्टने २००५ च्या अखेरीस व्हिज्युअल स्टुडिओची ‘एक्सप्रेस’ आवृत्ती काढली. ती आरंभी एका वर्षापुरतीच फुकट असल्याचे सांगितले होते. एप्रिल २००६ मध्ये ती कायमची फुकट झाली. तिच्यात घडविलेली आज्ञावली विकण्यास मुभा होती, परंतु त्या साधनाला बाहेरची जोड लावण्यास नव्हती. जेमी कॅन्सडेल या प्रोग्रामरने चाचणीसाठी केलेली आपली जोड एक्सप्रेसमध्ये चालवून दाखविली, तेव्हा २००७ साली त्याला कंपनीच्या वकिलांची पत्रे आली. बोर्लंडने २००६ मध्ये काढलेल्या फुकट टर्बो आवृत्तीतही अशीच भिंत होती.

२०१४ साली आलेल्या ‘कम्युनिटी’ आवृत्तीने जोडांवरील बंदी उठविली. मात्र मर्यादा आता वापरणाऱ्याच्या आकारावर आली. एकट्या व्यक्तीने तिच्यात हवे ते करावे, विकावेही. संस्थेत मात्र एका वेळी पाचच जणांनी ती वापरावी. आणि २५० हून अधिक संगणक किंवा दहा लाख डॉलरांहून अधिक वार्षिक उत्पन्न असणाऱ्या संस्थेला ती शिक्षण, संशोधन व मुक्त प्रकल्प यांपुरतीच मिळावी. टर्बो पास्कलचीच वंशज असलेल्या डेल्फीची २०१८ ची फुकट आवृत्ती याहून कडक होती: वार्षिक उत्पन्न ५,००० डॉलरांवर गेले की सवलत संपली. हौशी कोण आणि व्यावसायिक कोण, हे अशा प्रकारे देणाराच ठरवितो आणि ती रेषा तो पुढे-मागे सरकवूही शकतो. जावाच्या वापरकर्त्यांनी हे अनुभवले. २०१९ साली ओरॅकलने आपल्या संचाच्या व्यावसायिक वापरावर शुल्काची अट घातली, तर २०२१ मध्ये नव्या आवृत्तीसाठी ती पुन्हा सैल केली.

याला दुसरा मार्ग रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर करून दाखविला. त्यातूनच १९८७ साली जीसीसी हा कंपायलर आणि १९८९ साली जीपीएल हा परवाना आला. येथे उत्पन्न किती, माणसे किती, हेतू कोणता, हे कुणी विचारत नाही. जीसीसीने घडविलेली स्वतःची आज्ञावली खुशाल विकावी. अट एवढीच, की तो कंपायलर कुणी पुढे दिला, तर त्याची मूळ संहिता आणि तेच हक्कही द्यावेत. अट येथेही आहे. परंतु दिलेला हक्क परत घेण्याची सोय दात्याने स्वतःकडे ठेवलेली नाही. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. त्यांच्यातील अंतर ते हेच.

कंपन्यांच्या फुकट साधनांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्यामुळे हजारोंना विनामूल्य शिकता आले. परंतु शिकण्यासाठी साधन घेणे निराळे आणि संस्थेचा कायमचा व्यवहार त्यावर उभारणे निराळे. मंडळाची सभासद-नोंद, जुन्या अंकांची सूची, एखादा शब्दकोश ही कामे करणाऱ्याच्या हौसेहून दीर्घायुषी असतात. उद्या ती दुसऱ्या हाती जातील, तेव्हा त्या वारसाला कुणाकडे विरासत मागावी लागू नये. म्हणून अशा कामाच्या आरंभीच परवाना सावकाश वाचावा आणि शक्यतो मुक्त साधनच निवडावे, असे आम्हांला वाटते. आपल्या वाडवडिलांनी कागदपत्रे जपून ठेवली ती काही उगीच नव्हे.