कड्यावरील धावपट्टी आणि दुय्यमाचा शब्द

बीड जिल्ह्यातील गंगथडी सोडून मांजरसुंब्याचा घाट चढला की बालाघाटाचा सपाट माथा लागतो. कडेला मात्र तो एकाएकी तुटतो. कर्नाटकातील मंगळूर व केरळातील करिपूर येथील विमानतळ अशाच माथ्यांवर आहेत. धावपट्टी ओलांडणाऱ्या विमानापुढे तेथे दरी असते. म्हणून उतरणे साधत नसल्यास वेळीच पुन्हा वर जाणे, हाच तेथील सुरक्षिततेचा मुख्य आधार होय.

२२ मे २०१० रोजी मंगळुरास सहवैमानिकाने तीनदा 'गो अराउंड' म्हटले. मुख्य वैमानिकाने ऐकले नाही. १५८ माणसे मृत्युमुखी पडली. ७ ऑगस्ट २०२० रोजी करिपुरास पाऊस होता आणि वारा पाठीमागून वाहत होता. पूर्वी हवाई दलात असलेले, मूळचे नागपूरचे कॅप्टन दीपक साठे यांचे विमान ८,८५८ फूट धावपट्टीपैकी ४,४३८ फूट मागे टाकून टेकले. येथेही सहवैमानिकाने तोच शब्द उच्चारला होता. उभय वैमानिकांसह २१ जण दगावले. चौकशी अहवालाने मुख्य वैमानिकाच्या नियमभंगाबरोबरच सहवैमानिकाने सूत्रे हाती न घेतल्याचीही नोंद केली.

ही दुसरी नोंद अधिक विचारणीय वाटते. वडीलधाऱ्यांशी आज्ञार्थ योजू नये, हे मराठी मूल व्याकरणापूर्वीच शिकते. इंग्रजी आज्ञार्थात 'तू' व 'आपण' हा भेद नाही; तथापि तो बोलणाऱ्याच्या मनातून जातोच असे नाही. अर्थात हा संकोच एतद्देशीयच म्हणता येणार नाही. मंगळूरचे मुख्य वैमानिक परदेशी होते.