स्टॅटिन व रक्त पातळ करणारी औषधे

स्टॅटिन व रक्त पातळ करणारी औषधे : (परस्परक्रिया). कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळ्या रक्ताची गुठळी रोखणाऱ्या औषधांसोबत घेतल्यास होणारा परिणाम. हृदयविकार व पक्षाघाताच्या अनेक रुग्णांना दोन्ही घ्यावी लागतात.

‘रक्त पातळ करणे’ हा केवळ रूढ शब्दप्रयोग. रक्ताचा दाटपणा कायम राहतो. गोठण्याची क्रिया मंदावते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही औषधे प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाहीत. स्टॅटिन व अ‍ॅस्पिरिन ही नेहमीची जोडी असून भारतात ती एकाच कॅप्सूलमध्येही मिळते. वॉरफॅरिन व अ‍ॅसेनोकुमारॉल मात्र ‘के’ जीवनसत्त्वावर अवलंबून असलेले गोठण घटक घटवतात. स्टॅटिन देताना अधिक लक्ष ठेवावे लागते ते यांच्यावर.

वॉरफॅरिनचा अधिक प्रभावी अंश यकृतातील सीवायपी२सी९ या एन्झाइममुळे निकामी होतो. फ्लुवास्टॅटिन या एन्झाइमला अडवते. त्यामुळे वॉरफॅरिन शरीरात जास्त वेळ टिकते. रोसुवास्टॅटिननेही त्याचा परिणाम वाढतो, सिम्वास्टॅटिनने थोडासा. अ‍ॅटोरवास्टॅटिन, प्रवास्टॅटिन व पिटावास्टॅटिन यांनी सहसा फारसा फरक पडत नाही.

हा परिणाम ‘आयएनआर’ या रक्तचाचणीत दिसतो. निरोगी व्यक्तीत हा आकडा सुमारे 1 असतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या विकारात) वॉरफॅरिन देऊन तो 2 ते 3, तर कृत्रिम धातूची मायट्रल झडप बसवलेल्यांत साधारण 2.5 ते 3.5 ठेवतात. आकडा वर गेल्यास रक्तस्रावाचा, खाली आल्यास गुठळीचा धोका. म्हणून स्टॅटिन सुरू करताना, बदलताना, मात्रा कमीजास्त करताना व बंद करतानाही चाचणी पुन्हा करतात.

वॉरफॅरिन व स्टॅटिन या दोन्ही औषधांच्या जन्मकथेत बुरशी आहे. बुरशीने खराब झालेले स्वीट क्लोव्हरचे गवत खाऊन अमेरिकेत गुरे रक्तस्रावाने दगावत. त्याच्या शोधातून विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पुढे वॉरफॅरिन तयार झाले. 1948 मध्ये ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले; 1954 मध्ये माणसांसाठी मान्यता मिळाली. पहिले स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना 1970च्या दशकात पेनिसिलियम बुरशीत सापडले.

स्टॅटिनमुळे कधी स्नायू दुखतात. तेव्हा दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी रक्तस्रावाचा धोका आणखी वाढवते. हिरड्यांतून रक्त, अकारण काळेनिळे डाग, डांबरासारखी काळी शौच किंवा लालसर लघवी दिसल्यास तातडीने डॉक्टरांना दाखवावे; कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये.