सेलवरचं महागडं घड्याळ

मागच्या शुक्रवारी लंचला आमच्या टीममधल्या एकाने मनगट पुढे केलं. नवं कोरं स्विस ऑटोमॅटिक. मागून काच, आत फिरणारी चाकं दिसतात. सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं. मग विषय माझ्यावर आला. मी गेलं वर्षभर पैसे साठवतोय हे सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, ग्रँड सीको बघतोय, क्वार्ट्झमधलं. दोन सेकंद शांतता आणि मग, "क्वार्ट्झ? म्हणजे सेलवरचं? त्याला एवढे पैसे??"

त्यांचं अगदीच चूक नाही म्हणा. स्टँडबाहेरच्या हातगाडीवर दीडशे-दोनशेला मिळतं तेही क्वार्ट्झच. पण मला उत्तर सुचलं ते घरी आल्यावर (नेहमीप्रमाणे), म्हणून इथे लिहितोय.

मी अंबाजोगाईचा. आमचे अण्णा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली हे लिहिणारा माणूस. पुण्या-मुंबईच्या लोकांना यातलं वजन कळणार नाही. बीड जिल्ह्यात परळीला रेल्वे होती, पण बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला! तोवर आमच्याकडे 'टायमिंग' म्हणजे एस.टी.चंच टायमिंग. आजोबांच्या लहानपणी तर ती निजामाची बस होती; हैदराबाद संस्थानाने सरकारी बससेवा १९३२ मध्येच सुरू केली होती. असो, तो वेगळा विषय आहे.

आजोबांकडे एचएमटीचं 'जनता' होतं. रोज सकाळी चावी द्यायची आणि रेडिओवर बातम्यांच्या आधी पिप-पिप वाजलं की काटे जुळवायचे. अण्णांना १९९२ साली लग्नात सासुरवाडीकडून टायटन मिळालं, क्वार्ट्झ. चावी नाही, रोजचं जुळवणं नाही. गाडी लेट की वेळेवर यावर ड्रायव्हर-कंडक्टरांचा वाद झाला, की सगळे अण्णांच्या मनगटाकडे बघायचे. त्या घड्याळाला घरात कुणी कधी 'फक्त सेलवरचं' म्हटलं नाही.

आणि गंमत म्हणजे क्वार्ट्झ हा प्रकार जन्माला आला तोच मुळी श्रीमंतांसाठी. २५ डिसेंबर १९६९ ला सीकोने टोकियोत 'अ‍ॅस्ट्रॉन' बाजारात आणलं. सोन्याची केस, किंमत साडेचार लाख येन. तेवढ्यात तेव्हा टोयोटाची कोरोला गाडी येत होती! महिन्याला जास्तीत जास्त ५ सेकंदांचा फरक, हे तर चावीच्या घड्याळांना स्वप्नातही जमण्यासारखं नव्हतं. स्विस लोक झोपले होते असं म्हणतात तेही खरं नाही. न्यूशातेलच्या प्रयोगशाळेत त्यांनी १९६७ मध्येच मनगटी क्वार्ट्झचा नमुना तयार केला होता. पण बाजारात आधी उतरले ते जपानी. पुढे चिप स्वस्त झाली, क्वार्ट्झ मातीमोल झालं आणि १९७० ला नव्वद हजारांच्या घरात असलेले स्विस घड्याळ कामगार ८० च्या दशकात तीसेक हजारांवर आले. वाचलेल्या स्विस कंपन्यांनी मग विकायला काढली ती परंपरा. आज माझ्या मित्राच्या मनगटावर मागून काच आहे ती त्यामुळे.

आपल्याकडे एचएमटीने १९८१ लाच क्वार्ट्झ काढलं होतं, पण त्यांचा सगळा भर चावीच्या घड्याळांवर राहिला. क्वार्ट्झवर डाव लावला तो टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या टायटनने. होसूरचा कारखाना, झर्क्सिस देसाईंसारखा प्रमुख आणि जाहिरातीत मोझार्ट. एचएमटीची घड्याळ कंपनी २०१६ ला बंद झाली. त्याआधी २००२ मध्ये याच टायटनने 'एज' काढलं होतं : फक्त साडेतीन मिलिमीटर जाड, आतलं यंत्र १.१५ मिलिमीटरचं, आणि तरी पाणी आत जात नाही. माझ्या मते भारतात तयार झालेल्या सर्वात देखण्या वस्तूंपैकी ती एक आहे, आणि ती सेलवर चालते.

आता थोडं पीळतो, इंजिनिअर आहे, सहन करा :)

क्वार्ट्झच्या पोटात चिमट्याच्या आकाराचा छोटा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा ओळखीचा वाटला ना? दोनचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा करत जा, बरोब्बर सेकंदाला एक ठोका मिळतो. इतकं सुंदर डिझाइन मी आमच्या कोडमध्ये अजून पाहिलेलं नाही.

पण या स्फटिकाला तापमान सोसत नाही. तो साधारण २५ अंशाला जुळवलेला असतो. त्याहून गरम होवो नाहीतर थंड, तो मागेच पडतो. बीडचा मे महिना घ्या. ४२ अंशांत पत्र्याखाली ठेवलेलं साधं क्वार्ट्झ दिवसाला जवळपास पाऊण-एक सेकंद मागे पडेल, म्हणजे महिन्याला पंचवीसेक सेकंद. मनगटावर असेल तर कमी, कारण अंगाची उष्णता त्याला बरीचशी एकसारखी ठेवते. अण्णा म्हणायचे, "घड्याळ हातातच ठेवावं, काढून ठेवलं की बिघडतं." मी हसायचो त्यावर. आकडेमोड केल्यावर हसू गेलं.

महागडं क्वार्ट्झ इथे वेगळं पडतं. ग्रँड सीकोचं ९एफ हे यंत्र १९९३ चं. त्यातला स्फटिक आधी तीन महिने 'मुरवतात', मग त्यातले उत्तम तेवढे निवडतात. घड्याळ दिवसातून ५४० वेळा तापमान मोजून स्वतःला दुरुस्त करतं. वर्षाला फरक १० सेकंदांच्या आत. साध्या क्वार्ट्झच्या मोटरमध्ये जोर नसतो म्हणून काटे काडीसारखे हलके ठेवतात. इथे प्रत्येक सेकंदाला मोटरला दोन ठोके देतात, त्यामुळे चावीच्या घड्याळासारखे जाड, धारदार काटे फिरवता येतात. सेकंदकाटा रेषेवर येतो तो रेषेवरच, थरथर नाही. दुकानात मी पाच मिनिटं नुसता तोच बघत होतो. (सिटिझनने २०१९ मध्ये वर्षाला १ सेकंदापर्यंत मजल मारली. पण त्याची किंमत बघून मी टॅब बंद केला.)

हे सगळं रविवारी फोनवर अण्णांना सांगितलं. किंमतही सांगितली, जरा कमी करूनच. बराच वेळ काही आवाज नाही. मग, "तेवढ्यात शेतात बोअर झाला असता."

मी गप्प. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाल्यापासून अण्णांनी स्वतःचं टायटनही घालणं सोडलंय. "आता कुणाला टाइम द्यायचाय," म्हणतात. ते कपाटात पडलेलं असतं, म्हणजे आता मागेही पडत असणार.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "वर्षाला किती चुकतं म्हणलास?"

"दहा सेकंद. तेही जास्तीत जास्त."

"वर्षाला?"

"हो, वर्षाला."

"आन् सेल?"

"तीन वर्षं चालतो."

"मग संपल्यावर अंबाजोगाईत बसवून मिळंल का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या शनिवारी गावी जातोय, टायटनला नवा सेल टाकायला. ग्रँड सीको अजून घेतलेलं नाही.